धोंडबांच्या गाडीतलं पाणी

१

मे महिन्यातल्या भर दुपारी मनसरच्या पुढे, आतल्या रस्त्यावर एक जुनी पांढरी मोटार बाभळीच्या विरळ सावलीत उभी होती. बोनेट उघडं होतं. बकऱ्या घेऊन चाललेल्या एका बाईला वाटलं, आत कुणी म्हातारा झोपलाय. तिनं हाक मारली. मग जवळ जाऊन खांद्याला हात लावला, आणि बकऱ्या तिथंच टाकून ती मनसरच्या बाजूच्या आपल्या गावाकडे पळत सुटली.

धोंडबा सुखदेवे गेले होते. सावनेरकडच्या कोळसा खाणीत सारं आयुष्य डंपर चालवलेला आणि नव्या पोरांना शिकवलेला माणूस. बायको इंदूबाई वारल्यापासून नागपुरात इंदोऱ्याला मुलगी मायाजवळ राहत होते. डॉक्टरांनी उष्माघाताचं निदान केलं. नागपूरच्या उन्हाचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे त्यावर कुणी फार बोललं नाही. बोलणं झालं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. गाडीतल्या हीटरची खुंटी थेट लाल टोकाला सरकवलेली होती. भर मे महिन्यात म्हाताऱ्यानं गाडीत गरम हवा सोडून घेतली होती.

धोंडबांचा मुलगा अंकुश बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. बापाची राख थंड व्हायच्या आत त्यानं पोलिसांत तक्रार दिली. तक्रार होती रोशन मेकॅनिकविरुद्ध. गाडी वर्षभर तापत होती, पाणी कमी होत होतं, रोशननं दर वेळी काहीतरी बदलून गाडी परत दिली आणि शेवटी त्याच गाडीनं बापाला भर उन्हात टाकलं, असं त्याचं म्हणणं.

कामठी रोडवर रोशनचं गॅरेज होतं. आठवडाभरात तिथल्या गाड्या कमी झाल्या. मग एके सकाळी रोशन मेघा वासनिककडे आला. मेघा विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्यांची पाहणी करायची. मोडलेल्या पत्र्यावरून खरं काय नि खोटं काय ते सांगणं हा तिचा पंधरा-वीस वर्षांचा धंदा. पोलीस ठाण्यातले साहेबही अशा प्रकरणात तिचं मत घेत, आणि या प्रकरणातही त्यांनी आदल्या दिवशीच तिला फोन केला होता.

रोशन खुर्चीत बसला नाही.

"ताई, मायी चूक असन त सांगा. मी ठाण्यात जाऊन सोताहून कबूल करतो," तो म्हणाला. "पण मले झोप नाही येऊन राहिली. त्या गाडीतलं पाणी जात कुठी होतं, तेच मले वर्षभर समजलं नाही."

२

गाडी ठाण्याच्या आवारात, कडुनिंबाखाली ठेवली होती. मेघानं आधी आत पाहिलं. चारही काचा खाली उतरवलेल्या. हीटरची खुंटी लाल टोकाला, पंख्याचं बटण शेवटच्या आकड्यावर. बोनेटखाली रेडिएटरचं झाकण काढून बॅटरीवर नीट उलटं ठेवलेलं होतं, आणि शेजारी पिण्याच्या पाण्याची रिकामी बाटली.

"आता सांग, सुरुवातीपासून," ती म्हणाली.

रोशननं सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात धोंडबा पहिल्यांदा ही तक्रार घेऊन आले. तापमानाचा काटा चढतो, पाणी कमी होतं. त्यानं रेडिएटरच्या तोंडावर पंप लावून दाब भरून पाहिला. दाब टिकला, म्हणजे गळती नाही. इंजिन आतल्या आत पाणी पीत असेल तर मागून पांढरा धूर येतो, तेलाचा रंग ताकासारखा होतो. तसंही काही नव्हतं. त्यानं झाकण बदललं, पाइप बदलले, थर्मोस्टॅट बदलला. पंधरा दिवसांनी धोंडबा पुन्हा दारात.

"एकदा मी गाडी आपल्याजवळच ठेवून घेतली. रोज कामठीले नेली, आणली. ताई, एक थेंब कमी झाला नाही. मग त्याईच्या घरी दिली, त पुन्हा तेच. बाबा हसायचे. म्हणायचे, रोशन, तुया घरचं पाणी गाडीले मानवते गा, मायं नाही मानवत."

"घरी जाऊन पाहिलंस?"

"हाव ना. हे सुरू व्हायच्या थोडं आधी त्याईच्या पोर्चमधेच जुनं पाणी काढून गुलाबी कूलंट भरलं होतं मी. खालचा प्लास्टिकचा नळ उघडून. मायाताईनं टब धरला होता. अंकुशभाऊ होते, गेटवर बाजूचे ओमप्रकाश शेठ उभे होते. तक्रार आल्यावर पुन्हा जाऊन पाहिलं, त फरशीवर एक डाग नव्हता. गळत असतं त डाग नसता का दिसला?"

मेघानं इंजिनमधलं उरलेलं पाणी थोडं काढून काचेच्या ग्लासात घेतलं. उजेडात धरलं. गुलाबी म्हणावं इतका रंग त्यात नव्हताच. जवळजवळ साधं पाणी.

"याच्यात कुणीतरी साधं पाणी ओतलंय. एका बाटलीनं रंग इतका जात नाही. घरून निघतानाच भरलं असणार, चांगलं काठोकाठ." तिनं ग्लास खाली ठेवला. "रेडिएटर भर, आणि चालू कर."

रोशन तिच्याकडे पाहत राहिला. "ताई, हे इंजिन जाम झालं असन. पाणी संपून गाडी बंद पडली म्हणजे…"

"तू चालू करून तर पाहा."

त्यानं पाणी भरलं, बॅटरीला दुसऱ्या गाडीची तार जोडली आणि चावी फिरवली. इंजिन दोनदा कण्हलं आणि तिसऱ्यांदा सुरळीत चालू लागलं. कुठं खडखड नाही, घासल्याचा आवाज नाही.

मेघा बराच वेळ तो आवाज ऐकत उभी राहिली. अंकुशनं तक्रारीत लिहून दिलं होतं की वडिलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. असल्या माणसाच्या हातात बिघडलेली गाडी रोशननं दिली. हीटरची खुंटी हाच त्याचा पुरावा होता. पण इंजिन वेगळंच सांगत होतं.

"रोशन, गाडी तापायला लागली, जवळ गॅरेज नाही, तर जुना ड्रायव्हर काय करतो?"

रोशनच्या तोंडावरचा रंग हळूहळू बदलला. "हीटर लावते," तो म्हणाला. "इंजिनची गरमी आत ओढून घेते. गाडी वाचते, माणूस भाजते."

"आणि हीटरमधून अचानक गार हवा यायला लागली तर?"

"त पाणी संपलं. तिथंच बंद करायची, नाही त इंजिन गेलं."

"त्यांनी ते सगळं केलं. काचा उघडल्या, हीटर लावला, वेळेवर गाडी सावलीत घेऊन बंद केली. झाकण गार होईस्तोवर थांबले आणि प्यायचं पाणी इंजिनात ओतलं." मेघानं बोनेट खाली ओढलं. "वेडा माणूस हे करत नाही, रोशन. त्यांना कुठंतरी पोचायचं होतं."

३

इंदोऱ्याच्या घरी पोर्च आता रिकामा होता. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी इंदूबाईंचा फोटो, आणि त्याच्या बाजूला धोंडबांचा नवा. अंकुश पुढच्या खोलीत बसला होता. रुंद खांद्यांचा, डोळे सुजलेले.

"मी कितीदा म्हटलं, गाडी विकून टाका," तो म्हणाला. "ऐकत नव्हते. आईच्या नावानं मायाले हाक मारायचे. गेटले गाडी घासली. सांजच्या वेळी कुठून तरी येत, कुठी गेलते विचारलं त बोलत नव्हते. त्या दिवशी मोबाइलपण घरीच सोडून गेले. मनसरकडे आमचं कोणी नाही. कुठी चालले होते ते? भटकले असतील."

"गाडीत पाणी कमी होतं, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"मले काय समजते त्यातलं. मार्चपासून मी पुण्याले होतो, कंपनीनं पाठवलं होतं. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो." तो थांबला. "रोशनवर भरवसा होता त्याईचा. पोटच्या पोराहून जास्त होता."

त्या शेवटच्या वाक्यात राग होता की दुसरं काही, ते मेघाला लगेच सांगता आलं नसतं.

शेजारचे ओमप्रकाश आपल्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. अंगानं अवाढव्य, गुडघ्यांना पट्टे. धोंडबांची गाडी निघताना त्यांच्या दुकानासमोर अडायची, त्यावरून दोघांची वर्षानुवर्षं कुरबुर.

"हां, मैं बोला था एक दिन, हवा सोडून देईन म्हणून," ते सरळ म्हणाले. "गुस्से में आदमी बोलतो, मॅडम. पण त्यांचं गेट रोज आतून कुलूपबंद. अन् हे गुडघे बघा. खाली बसलो तर उठवायला चार माणसं लागतात." थोडा वेळ ते रिकाम्या पोर्चकडे पाहत राहिले. "बरेचदा गाडी चौकापर्यंत जायची अन् वापस. काटा चढला म्हणून. म्हातारा बोनेट उघडून उभा राहायचा, मी हसायचो. आता जागा मोकळी आहे. दुकान कसं भकास दिसतं."

माया शेवटी भेटली, मागच्या अंगणात. पन्नाशीकडे झुकलेली, शाळेत शिक्षिका, अंगानं काडीसारखी. ती धोंडबांचे धुतलेले सदरे दोरीवरून काढत होती. बाप जाऊन इतके दिवस झाले, तरी सदरे रोज धुतले जात होते की काय, असं मेघाच्या मनात आलं.

"रोशनवर केस होईल का?" मायानं विचारलं. तिचा पहिला प्रश्न हाच होता.

"ते गाडी काय सांगते त्यावर आहे."

"तो चांगला पोरगा आहे." मायानं सदऱ्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "बाबा त्या दिवशी खूप खूश होते. सकाळी आंघोळ करून कडक कपडे घातले. मी म्हटलं, ऊन आहे, नका जाऊ. त म्हणाले, आज जाऊ दे वं, माया. उद्यापासून नाही म्हणणार."

"उद्यापासून नाही?"

"असंच म्हणाले. मी लक्ष नाही दिलं." तिनं नजर वळवली. "मले वाटलं, चौकातून वापस येतील."

मेघा गेटबाहेर आली आणि थबकली. तापलेली गाडी चौकातून वापस येते, हे वर्षभर पाहणाऱ्या शेजाऱ्याला ठाऊक असणार, मुलीलाही ठाऊक असणार. पण त्या सकाळी गाडी तापणारच, हे मायानं कशावरून धरलं होतं?

४

दुसऱ्या दिवशी मेघानं पुन्हा दाब भरून पाहिला. गाडी थंड होती. दाबाचा काटा जागचा हलला नाही. रोशनच्या वर्षभराच्या म्हणण्याला तो पुरावा होता.

"आता इंजिन तापू दे," ती म्हणाली. "पुरतं."

लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन ती गाडीसमोर जमिनीवर बसली. पंखा सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मग आरशात काहीतरी चमकलं. रेडिएटरच्या तळाशी असलेल्या प्लास्टिकच्या नळाखाली एक थेंब जमला, लोंबला, पडला. त्याच्यामागून दुसरा. रोशननं इंजिनला थोडी गती दिली, तशी बारीक धार लागली.

"हे तेव्हा नव्हतं, ताई. शपथेवर सांगतो."

"तेव्हा नव्हतंच. नळाच्या आतलं रबर झिजलंय. थंड असताना धरून ठेवतं, तापल्यावर सोडतं." मेघानं आरसा आणखी जवळ नेला. "नळ किती वेळा उघडलास तू?"

"एकदाच. पोर्चमधे कूलंट भरलं तेव्हा. अन् बंद करताना पक्कडनं आवळला. मायी सवयच आहे ती."

"एकदा उघडून रबर झिजत नाही."

इंजिन बंद करून तिनं गाडी निवू दिली. आरशात नळ स्पष्ट दिसत होता. आजूबाजूला सगळीकडे तेलकट धुळीचा काळा थर. फक्त नळाचे दोन पंख स्वच्छ, एखाद्या भांड्याची कडी रोज हाताळून उजळावी तसे. पक्कडीचे जुने ओरखडे त्यावर होते, पण नळ आता नुसता बोटांनी आवळलेला होता.

"हात घालून पाहा," ती रोशनला म्हणाली.

रोशननं पालथं पडून हात घातला. कोपराच्या अलीकडेच तो अडकला. "खालचा पत्रा काढल्याशिवाय नाही जात. तेव्हा मी पत्रा काढूनच केलं होतं."

पत्र्याच्या स्क्रूंवर रोशननं तेव्हा लावलेला पिवळ्या रंगाचा ठिपका होता. सगळे ठिपके अखंड. त्यानंतर पत्रा कुणी काढलाच नव्हता.

मेघानं बांगड्या वर सारल्या आणि स्वतःचा हात घातला. पत्रा आणि बंपर यांच्या फटीतून हात आत गेला. बोटं अलगद नळापर्यंत पोचली.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. अंकुशचा हात या फटीत जाणार नव्हता, आणि तो तर महिनोन्महिने पुण्याला होता. ओमप्रकाश खालीच बसू शकत नव्हते. आणि वैऱ्यानं हे केलं असतं तर सगळं पाणी काढलं असतं, नाहीतर पाइप कापला असता. इथं दर वेळी थोडंच काढलं होतं. गाडी चौकापर्यंत जाईल आणि काटा चढताच घरी परतेल, एवढं मोजकं. खाली टब धरला होता, फरशी पुसली होती, नळ पुन्हा बंद केला होता.

"ताई, कोणाचा हात होता?" रोशननं हलकेच विचारलं.

"काळजी करणाऱ्याचा," मेघा म्हणाली. आणि मग तिनं मागची डिकी उघडली, कारण धोंडबा कुठं निघाले होते ते समजल्याशिवाय तिला त्या घरी परत जायचं नव्हतं.

डिकी झाडून-पुसून साफ केलेली होती. जॅक, पाने, सगळं फडक्यात नीट बांधलेलं. त्याच्याखाली दोन पांढरे पुठ्ठे होते, त्यांवर लाल रंगात शिकाऊ चालकाची खूण, आणि एक जाड उशी.

मुलगी गाडी चालवत नव्हती. मुलाला कधीचीच येत होती. मग खाण-कामगारांना डंपर शिकवलेला हा माणूस म्हातारपणी कुणाला गाडी शिकवत होता?

५

गाडी जिथं सापडली त्याच्या अलीकडच्या टपरीवर चहा सांगून मेघानं नुसती चौकशी केली. लाल खुणेची पांढरी गाडी, म्हातारे गृहस्थ. टपरीवाली म्हणाली, "त्याईले कोण नाही ओळखत. काजलचे बाबा होते ते. म्हणजे सख्खे नाही, मानलेले. पुढच्या गावात राहते ती."

काजल गावातली आशा सेविका होती. तिशीतली, ठेंगणी, उशी कशासाठी होती ते मेघाला तिला पाहताच कळलं. तिचे वडील खाणीत धोंडबांचे जोडीदार होते, दरड कोसळून गेलेले. धोंडबांचं नाव निघताच ती दाराची चौकट धरून खाली बसली.

"पोलीस तिकडूनच त्याईले नागपूरले घेऊन गेले. मले चार दिवसांनी कळलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी वाट पाहत होती. दुपार झाली, आले नाही, तवा वाटलं गाडी तापली असन, चौकातून वापस गेले असतील. बरेचदा तसंच व्हायचं. फोन लावला त बंद लागला. मी इथी ताटं वाढून बसली होती, अन् बाबा इथून… इथून वळणापलीकडेच ती बाभूळ, मॅडम."

मेघानं तिकडे पाहिलं नाही.

"कधीपासून शिकवत होते?"

"वर्ष झालं. आमच्या गावातून बाळंतिणीले रामटेकच्या दवाखान्यात न्याचं म्हणजे गाडी भेटत नाही. एक पोरगी वाटेतच गेली. माझ्याच मांडीवर. हे मी बाबाले सांगतलं, त म्हणाले, तू शिक. गाडी मी देतो."

"गाडी देणार होते?"

"त्याच दिवशी देणार होते. मायं लायसन आलं होतं ना. म्हणाले, पोरी, मायं डोकं आता कधी कधी दगा देते. परवा मायाले इंदू म्हणून हाक मारली. ती घाबरते, दाखवत नाही. एखाद्या लेकराले धडकण्याआधी मीच सोडतो. ही शेवटची फेरी." काजलनं पदर तोंडाशी घेतला. "मी म्हटलं, माया ताईले सांगा ना. त म्हणाले, गाडी देऊन एसटीनं वापस जाईन, मग सांगीन. आधी सांगतलं त तिले वाटन, तिच्यापायी सोडली. मुलीले बापाची किल्ली घेतल्यासारखं नाही वाटलं पायजे."

बाहेर कुठेतरी होला घुमत होता. मेघाला उठावंसं वाटेना. तिच्या आयुष्यात अनेक गाड्या येऊन गेल्या होत्या, आणि दर वेळी खरं काय ते सापडलं की तिला बरं वाटायचं. आज पहिल्यांदा ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

६

संध्याकाळी माया एकटीच घरी होती. मेघानं फक्त नळाबद्दल सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला मायानं हात वर केला.

"मी होती," ती म्हणाली.

तिचा आवाज शाळेत हजेरी घेताना असावा तसा सपाट होता.

"रोशननं पाणी काढलं तवा मी टब धरून विचारलं होतं, पाणी कमी असलं त गाडी किती दूर जाते. तो हसून म्हणाला, चौकापर्यंत. मले तेवढंच पायजे होतं. एकदा ते गेट घासून आले, त्यांच्या हाताले कंप होता. मी किल्ली मागतली. त्याईनं माझ्याकडे असं पाह्यलं की जसा मी त्याईचा हातच मागतला. मग पुन्हा नाही मागतली. ते झोपले की थोडं पाणी काढत होती. मोरीत टाकून देत होती. वाटत होतं, गाडीच नाही म्हणाली त बाबाले वाईट नाही वाटणार. मुलगी नाही म्हणाली त वाटन."

"त्या दिवशीही?"

"आदल्या रात्री. नेहमीपेक्षा थोडं जास्तच काढलं. तरी ते चौकातून वापस नाही आले. मले अजून समजलं नाही, गाडी तिथवर गेली कशी."

"सकाळी त्यांनी स्वतः पाणी भरलं होतं. काठोकाठ. तुम्हाला दिसलं नसेल. पण नळ उघडून उघडून त्यातलं रबर झिजलं होतं. गाडी तापली की वाटेत थेंब थेंब पाणी गेलं."

"म्हणजे मी काढलं ते त्याईनं भरून काढलं होतं. अन् तरी…" मायानं वाक्य सोडलं. "अंकुशले वाटते रोशननं मारलं. मी रोज म्हणत होती, आज सांगते, आज सांगते. तो आधीच तुटला आहे. त्याले आता मीच उरली."

मेघानं ठरवलं होतं की काजलचं नाव काढायचं नाही. गाडी तापून थांबली, बाबा शांतपणे गेले, एवढं सांगून उठायचं.

"ते कुठी चालले होते?" मायानं विचारलं. "तुम्हाले माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसते. भटकले नव्हते ना?"

"नाही," मेघा म्हणाली. "डोकं पूर्ण ठिकाणावर होतं. शेवटपर्यंत." आणि तिनं हीटरचं सांगितलं, सावलीचं, ओतलेल्या बाटलीचं. मग काजलचं सांगितलं. शेवटची फेरीही सांगितली. माया हात जोडल्यासारखे मांडीवर घेऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"मले वाईट वाटू नये म्हणून त्याईनं नाही सांगतलं," शेवटी ती म्हणाली. "अन् त्याईले वाईट वाटू नये म्हणून मी नाही सांगतलं."

ती उठली, आत जाऊन चप्पल घालून आली.

"कुठे निघालात?"

"अंकुशकडे. मग ठाण्यात. रोशनकडे आधी जायला पायजे होतं, पण त्याच्या दारात उभं राहायले मले थोडा वेळ लागन."

७

अंकुश बहिणीशी कितीतरी दिवस बोलला नाही. पण तक्रार त्यानं दुसऱ्याच सकाळी मागे घेतली. ठाण्यात मायानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. साहेबांनी लिहून घेतलं, वर पाठवलं, आणि निरोप येईस्तोवर घरी जा म्हणाले. पुढे काय होईल ते मेघालाही सांगता येईना. रोशनच्या दारात माया गेली तेव्हा तो बोनेटमध्ये वाकलेला होता. त्यानं पंख्याखाली स्टूल सरकवून दिलं आणि पाण्याचा ग्लास आणला. माया तो हातात धरून बसली, प्यायली नाही.

जूनमध्ये पोलिसांनी गाडी सोडली. रोशननं नळ बदलला, गुलाबी पाणी नव्यानं भरलं. अंकुश ती न्यायला आला नाही, पण किल्ली त्यानं पाठवून दिली, आणि गाडी काजललाच द्यायची असा निरोपही. काजल एसटीनं आली. माया तिला म्हणाली, "मी येते गावापर्यंत. तू चालव." आणि मेघाकडे पाहून, "तुमीपण चला."

मेघा मागे बसली. काजल उशीवर बसून नीट, सावकाश गाडी चालवत होती. कामठी गेलं, कन्हान नदीचा पूल गेला. मधूनच काजल काही सांगायची. बाबा म्हणायचे, वळणाआधी ब्रेक, वळणात नाही. बाबा म्हणायचे, मागच्याले घाई असन त जाऊ दे. माया प्रत्येक वेळी मान हलवायची आणि म्हणायची, "अजून?" काजल आणखी एक सांगायची.

मनसर मागे पडलं. गाडी आतल्या रस्त्याला लागली. समोर ती बाभूळ दिसू लागली. काजलचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, गाडी मंदावत मंदावत जवळजवळ थांबलीच. तिनं मायाकडे पाहिलं.

मायानं झाडाकडे पाहिलं. सावली रस्त्याच्या कडेला विरळ पसरली होती.

"इथी नको थांबू वं," ती म्हणाली. "बाबाले पुढे जायचं होतं."

काजलनं गिअर टाकला. वळण घेतलं तसं गाव दिसू लागलं. पहिल्या घरापुढे पोटुशी बाई उन्हात हात डोळ्यांवर धरून गाडीकडे पाहत उभी होती, आणि तिला पाहून माया, बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, हुंदके देऊन रडू लागली.